उघडा गोल आणि पुढचे आठ दिवस

फुटबॉलच्या गोलची रुंदी 7.32 मीटर आणि उंची 2.44 मीटर. गोलकीपर आडवा पडलाय, बचावपटू मागे राहिलेत, चेंडू गोलपासून सहा पावलांवर आहे. अशा वेळी चेंडू बाहेर घालवायचा तर खरं म्हणजे खास कसब लागावं. पण जगभरात दर रविवारी हजारो माणसं हे काम सहज पार पाडतात. बोभाटा होतो तो त्यानंतर.

सप्टेंबर 1992 मध्ये लिव्हरपूलच्या रॉनी रोझेन्थलनं ॲस्टन व्हिलाविरुद्ध गोलकीपरला चकवलं आणि समोर कुणीही नसताना चेंडू थेट आडव्या दांडीवर हाणला. याच माणसानं 1995 मध्ये टॉटनहॅमकडून बदली खेळाडू म्हणून उतरून साउदॅम्प्टनविरुद्ध तीन गोल केले आणि दोन गोलांनी मागे पडलेला सामना 6-2 असा फिरवला. तरी त्याचं नाव काढलं की लोकांना आठवते ती दांडीच.

रोझेन्थलला निदान त्या कामाचा पगार मिळत होता. हे प्रकरण पदरचे पैसे घालून खेळणाऱ्यांचं आहे. त्यांच्या चुकांची चित्रफीत नसते, वर्तमानपत्रात दोन ओळी येत नाहीत. चूक जतन करायची सगळी जबाबदारी मग संघातल्या मित्रांवर पडते, आणि ती ते मनापासून पार पाडतात.

इंग्लंडमध्ये या खेळाडूंचा वार रविवार. तिथल्या फुटबॉल असोसिएशननं 1960 पर्यंत रविवारच्या फुटबॉलला मान्यता दिली नव्हती. चर्चला जायच्या दिवशी खेळ कसले, असा एकूण सूर. पण आठवडाभर राबणाऱ्याला सुटी मिळायची ती त्याच दिवशी. पूर्व लंडनमधलं हॅकनी मार्शेस हे या रविवारच्या फुटबॉलचं पंढरपूर. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून जमीनदोस्त झालेल्या घरांचा राडारोडा या पाणथळ जागेत टाकला आणि वर एकाला लागून एक मैदानं आखली. एके काळी ती ऐंशीहून जास्त होती. मैदानाचं भाडं, रेफरीचे पैसे, जर्सी धुण्याचा खर्च, सगळं खेळाडूंच्या वर्गणीतून.

सामना संपला की मंडळी पबमध्ये जमतात. कितीतरी क्लबांत तिथं दोन बक्षिसं ठरतात. एक सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं, आणि ते दोन मिनिटांत उरकतं. दुसऱ्याचं इंग्रजी नाव इथं छापण्याजोगं नाही. आपण त्याला 'आजचा गाढव' म्हणू. त्याची निवड मात्र रीतसर चालते. उमेदवार सुचवले जातात, साक्षीदार उभे राहतात, आरोपीला बाजू मांडायची संधी मिळते आणि ती मांडताना तो हमखास आणखी अडकतो. उघडा गोल चुकवणारा, स्वतःच्याच गोलात चेंडू घालणारा हे तर ठरलेलेच. पण थ्रो-इन चुकीचा टाकणारा, बूट घरी विसरणारा, भलत्याच मैदानावर जाऊन अर्धा तास आपला संघ शोधणारा, यांचेही दावे भक्कम असतात. ज्याची निवड होते त्याला संध्याकाळभर एखादी भडक टोपी किंवा कधीच न धुतलेली जर्सी घालून बसावं लागतं. पुष्कळ ठिकाणी दंडही असतो. ही रक्कम हंगामाच्या शेवटी सगळ्यांच्या सहलीला किंवा जेवणाला जाते, म्हणजे गाढवपणाचं उत्पन्न सार्वजनिक होतं.

कोल्हापुरात अशी टोपी ठेवायची गरज पडत नाही. तिथं फुटबॉल पेठांचा आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं नुसत्या संघांची नाहीत, त्यांच्यामागे गल्ल्या आहेत. तालीम म्हणजे मुळात लाल मातीची, कुस्तीची. पण या गावानं त्याच तालमीच्या नावानं फुटबॉलही खेळायला घेतला आणि कुस्तीतली ईर्षा जशीच्या तशी इकडे आणली. राजर्षी शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की गॅलरी भरते. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. हॅकनीतला माणूस सोमवारी कामावर जातो तेव्हा त्याच्या चुकलेल्या गोलची तिथं कुणाला गंधवार्ता नसते. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत ही सोय नाही. दूध आणायला बाहेर पडलं की डेअरीवाला विचारतो, चहाच्या गाड्यावर कप पुढे करणारा विचारतो, आणि ज्या आजींना ऑफसाइड म्हणजे काय हे आयुष्यात कळलेलं नाही त्याही दारातून विचारतात, "काय रे, काल लाथ वर गेली म्हणं?"

आता यात एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. उघडा गोल चुकवणारा प्रत्येक जण काही थट्टेचा धनी होत नाही. संघातला सगळ्यात कच्चा, नुकताच आलेला, घाबरतघाबरत खेळणारा पोरगा जेव्हा तो चुकवतो तेव्हा लोक म्हणतात, "असू दे, असू दे. पुढच्या वेळी." पाठीवर हात ठेवतात. हे ऐकायला गोड असलं तरी त्या पोराला कळतं की आपली गणना अजून खेळाडूंत झालेली नाही. तोच गोल संघाच्या हुकमी स्ट्रायकरनं घालवला की त्याची अशी सालटी काढतात की विचारू नका. थट्टा त्याची होते ज्याला ती परवडते, आणि हे सगळ्यांना न सांगता माहीत असतं.

मानववंशशास्त्रज्ञांनी या प्रकाराकडे फार पूर्वी लक्ष दिलंय. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन या ब्रिटिश अभ्यासकानं 1940 मध्ये 'आफ्रिका' या नियतकालिकात थट्टेच्या नात्यांवर एक लेख लिहिला. काही नात्यांत एकानं दुसऱ्याची टर उडवणं नुसतं चालतं असं नाही, ते अपेक्षितच असतं, आणि दुसऱ्यानं ते मनाला लावून घ्यायचं नसतं. अशी नाती कुठं तयार होतात, याचं त्याचं उत्तर मार्मिक आहे: जिथं माणसं एकमेकांना बांधलेलीही असतात आणि त्यांच्यात आतून तणावही असतो, तिथं. त्याची उदाहरणं मुख्यतः सासर-माहेरची. मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही. मेहुण्याची फिरकी घेतल्याशिवाय आपल्याकडे पंगत उठत नाही, आणि दीर-भावजयीच्या चेष्टेवर निम्मी लोकगीतं उभी आहेत. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शिकवणारे मराठी मानववंशशास्त्रज्ञ महादेव आपटे यांनी 1985 मध्ये विनोदाच्या मानववंशशास्त्रावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. त्यात या थट्टेच्या नात्यांना स्वतंत्र प्रकरण आहे, आणि नात्यागोत्याबाहेर, कामाच्या ठिकाणी चालणाऱ्या थट्टेचाही विचार आहे.

हौशी फुटबॉल संघ या चौकटीत चपखल बसतो. संघात सोळा-सतरा जण, मैदानावर अकरा. डावा बचावपटू म्हणून खेळणारा आणि त्याच जागेसाठी बाकावर बसलेला, दोघं एकाच मोटारसायकलवरून सरावाला येतात. एक घसरून पडला तर दुसऱ्याला जागा मिळणार, हे दोघांनाही ठाऊक असतं आणि ते उघड बोलायची सोय नसते. मग बाकावरचा म्हणतो, "तुझ्या बाजूनं त्यांचे तीन जण गेले, टोल तरी घ्यायचास." सगळे हसतात. म्हणायचं होतं ते म्हणून झालं, भांडण झालं नाही, आणि परत जाताना दोघं त्याच मोटारसायकलवर.

रॅडक्लिफ-ब्राउनच्या स्पष्टीकरणानं तणावाचा उलगडा होतो; पण सगळ्यात जास्त थट्टा तीन गोल करणाऱ्याचीच का होते, हे त्यातून पुरतं कळत नाही. त्यासाठी कालाहारी वाळवंटात जावं लागतं. रिचर्ड ली हा मानववंशशास्त्रज्ञ तिथल्या कुंग लोकांमध्ये राहत होता. नाताळला सगळ्यांना जेवू घालावं म्हणून त्यानं सुमारे साडेपाचशे किलोचा धष्टपुष्ट बैल विकत घेतला. तर जो तो येऊन त्याला सांगू लागला, की कसला हाडांचा सापळा आणलास, याच्यानं कुणाचं पोट भरणार? बिचारा ली हवालदिल. प्रत्यक्षात बैल कापल्यावर आत चरबीचा जाड थर निघाला, आणि सगळे पोट धरून हसत सुटले. नंतर त्याला उमगलं की मोठी शिकार आणणाऱ्या प्रत्येकाचं ते असंच स्वागत करतात. तरुण माणसानं भरपूर मांस आणलं की त्याला आपण इतरांहून कुणी मोठे आहोत असं वाटायला लागतं, आणि तसं वाटणारा माणूस एक दिवस कुणाच्या तरी जिवावर उठतो. म्हणून त्याचं मांस बेचव ठरवायचं. लीनं हा अनुभव 1969 मध्ये एका लेखात सांगितला आणि तो आजही मानववंशशास्त्राच्या वर्गात वाचला जातो.

त्या काळच्या कुंग लोकांत पाटील नव्हता, पोलीस नव्हता. हौशी क्लबात पगार नाही, करार नाही, प्रशिक्षक असला तर तोही बहुतेक कुणाचा तरी चुलत भाऊ. तीन गोल करणारा पुढच्या रविवारपासून सरावाला दांडी मारू लागला, पास देईनासा झाला, तर त्याला रोखणार कोण? म्हणून बूट काढतानाच त्याला ऐकवलं जातं, की पहिला गोल ऑफसाइड होता, दुसरा गोलकीपरनं दान केला आणि तिसरा तुझ्या गुडघ्याला लागून गेला, तुला स्वतःलाही नंतर कळलं. तोही शहाणा असेल तर म्हणतो, "गुडघ्याला नव्हे, मांडीला." एवढं म्हणता आलं की त्याला भाव खायची मुभा पुढची पंधरा मिनिटं मिळते. नवेकोरे, पोपटी रंगाचे बूट घालून येणाऱ्याला मात्र पंधरा सेकंदही मिळत नाहीत.

थट्टा नेमकी कुठल्या वाक्यावर झडप घालते, याचा बारकाईनं अभ्यास पॉल ड्रू या ब्रिटिश संभाषण-विश्लेषकानं केला. 1987 च्या त्याच्या लेखात त्यानं रोजच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं तपासली. त्याला दिसलं की थट्टा सहसा आकाशातून पडत नाही. आधीच्या माणसानं काहीतरी जरा जास्तच बोललेलं असतं, तक्रार ताणलेली असते, बढाई मारलेली असते, कारण फुगवलेलं असतं. थट्टा त्या फुगवट्याला टाचणी लावते. दुसरी गंमत अशी, की ज्याची थट्टा होते तो ती थट्टा आहे हे ओळखूनही बहुतेक वेळा गंभीर चेहऱ्यानं खुलासा करायला लागतो. कोल्हापुरातल्या कुठल्याही कट्ट्यावर सामन्यानंतर बसलात तर असं काहीसं ऐकू येईल:

"बॉल उसळला रे. न्हाईतर गोलच हुता त्यो."

"व्हय भावा, चूक ग्राउंडचीच हाय." हा गोलकीपर. "पुढच्या टायमाला इस्त्री करून ठेवतो."

"अरे खरंच उसळला. खड्डा हाय तिथं. तू लांब हुतास, तुला काय दिसनार?"

"खड्डा? मग त्यातच जाऊन बसायचं हुतं की."

ड्रूला दिसलेलं सगळं या चार वाक्यांत आहे. स्ट्रायकर नुसतं "चुकलं" म्हणाला असता तर गोलकीपरला पकडायला काही सापडलं नसतं. त्यानं मैदानावर ठपका ठेवला, गोलकीपरनं तोच ठपका ओढून हास्यास्पद केला, आणि स्ट्रायकर खड्ड्याचा पुरावा द्यायला लागला तिथं त्याची केस निकालात निघाली. बाकी, गोलकीपर मंडळी यात पटाईत का असतात, याला माझ्या मते साधं कारण आहे. सामन्यात त्यांना दुसऱ्यांच्या चुका बघायला भरपूर वेळ असतो, आणि स्वतःची चूक झाली तर ती स्कोअरबोर्डावरच लागते, त्यामुळे हिशेब चुकते करायची ओढ दांडगी.

थट्टेत दोन गोष्टी एकाच वेळी असतात, असं मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि त्याचे सहकारी मानतात. एक चिमटा, आणि दुसरी 'हे खरं धरू नकोस' अशी खूण. ती खूण आवाजात असते, लांबवलेल्या शब्दात, मिचकावलेल्या डोळ्यात, अतिशयोक्तीत. इस्त्रीचं वाक्य त्यामुळेच बोचत नाही. मैदानाला कुणी इस्त्री करत नसतो. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अमेरिकेतल्या एका विद्यार्थी-संघटनेच्या मुलांचे चौघाचौघांचे गट केले होते, दोन जुने सभासद आणि दोन नवखे. प्रत्येकाला दोन आद्याक्षरं देऊन एकमेकांना टोपणनावं ठेवायला आणि त्यामागची गोष्ट सांगायला लावलं. जुन्यांची थट्टा जास्त खरमरीत निघाली. नवखे जुन्यांची फिरकी घेताना हात राखून, गोडीगुलाबीनं घेत होते. म्हणजे संघात कोण कुठल्या पायरीवर आहे हे कुठल्याही यादीपेक्षा या टोमण्यांतून लवकर कळतं. नवा मुलगा कप्तानाला पहिल्यांदा बिनधास्त टोमणा मारतो आणि कप्तान हसतो, तो दिवस त्याच्यासाठी पहिल्या गोलइतकाच मोठा असतो.

चिमटा आणि खूण यांची ताटातूट झाली की मस्करीची कुस्करी होते. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे सारखं घडतं. मैदानावर ज्या वाक्याला सगळे हसले तेच वाक्य रात्री अकरा वाजता मोबाइलवर वाचताना शिवीसारखं लागतं. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं की ईमेलमधून उपरोध पोचवणाऱ्यांना वाटत होतं आपलं म्हणणं 78 टक्के वेळा नीट कळेल; प्रत्यक्षात ते कळलं 56 टक्के वेळा. नाणं उडवूनही याच्या आसपासच उत्तर आलं असतं. याच क्रुगरनं पुढच्याच वर्षी आणखी दोघांसह थट्टेचा अभ्यास केला. एकाच प्रसंगाकडे थट्टा करणारा आणि ती सोसणारा कसे बघतात, हे त्यांनी तपासलं. करणाऱ्याला आपला हेतू चांगला होता हे आठवतं, आणि तो समोरच्यालाही दिसला असणार असं तो धरून चालतो. सोसणाऱ्याला दिसतात फक्त शब्द. हे अनोळखी लोकांतच होतं असं नाही, एकत्र राहणाऱ्या मित्रांतही होतं. "अरे, मी गमतीत म्हणालो" हे वाक्य म्हणूनच बहुतेक वेळा खरं असतं आणि तरी त्याचा काही उपयोग होत नाही.

थट्टेचं टोक कसं गाठलं जातं याचं नाव घेण्याजोगं उदाहरण म्हणजे विंबल्डन. हा लंडनचा क्लब मुळात हौशी. 1963 मध्ये त्यानं हौशी संघांचा एफए चषक जिंकला होता. 1977 मध्ये फुटबॉल लीगमध्ये शिरला आणि 1988 मध्ये वेम्बलीवर लिव्हरपूलला 1-0 नं हरवून थेट एफए कप घेऊन गेला. या संघाचं टोपणनावच 'वेडी टोळी'. नव्या खेळाडूचे कपडे फाडायचे, जाळायचे, हा तिथला स्वागतसमारंभ. वर्षानुवर्षं हे किस्से मिटक्या मारत सांगितले गेले. पुढे त्याच संघातल्या काहींनी बोलायला सुरुवात केली तेव्हा हसण्याइतकीच भीतीही त्यांच्या आठवणींत होती. इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या अलीकडच्या मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासातही हेच दिसतं. थट्टा आणि छळ यांच्यातली रेष खेळाडूंना स्वतःलाच नीट आखता येत नाही, आणि थट्टा हवीच असंही ते म्हणतात.

माझ्या मते एक रेष तरी आखता येते. मैदानावर माणसानं जे केलं त्याची थट्टा त्याला पुढच्या रविवारी पुसता येते, एक गोल केला की झालं. त्याचा रंग, जात, घरची परिस्थिती, बोलण्यातलं अडखळणं हे त्याला कितीही गोल करून पुसता येत नाही. कोल्हापूरच्या संघांतून आता नायजेरियन खेळाडूही खेळलेत. त्यांच्या फटक्यावर टोमणा मारणं हा संघातला हक्क झाला. रंगावर मारणं हा गुन्हा. ज्याला उत्तर देता येत नाही अशा टोमण्यावर सोळा जण हसले तरी ती सोळा जणांची गंमत असते, सतरा जणांची नसते.

व्यावसायिक खेळाडू अशा वेळी दात-ओठ खाऊन सहन करतो, कारण करार असतो. हौशी क्लबात दुखावलेला माणूस भांडत नाही, राजीनामा देत नाही. तो फक्त येत नाही. आणि फुटबॉलच्या नियमांतला तिसरा नियम सांगतो की संघाकडे सातहून कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच करता येत नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा क्लबचा सेक्रेटरी शनिवारी रात्री फोन फिरवत बसतो तेव्हा त्याच्यासमोर हा सातचा आकडा असतो. एकाच्या घरी लग्न, एकाची पाळी बदललेली, आणि तिसरा म्हणतो गुडघा दुखतोय. "कुठला?" "दोन्ही." सेक्रेटरी काय समजायचं ते समजतो. फोन ठेवतो आणि लगेच गोलकीपरला लावतो: उद्या त्याच्यासमोर इस्त्रीचा विषय काढायचा नाही. गोलकीपर बराच वेळ हुज्जत घालतो आणि शेवटी कबूल होतो, निदान हाफटाइमपर्यंत.